सहाशे पीपी आणि टोकियोची ती भिंत

ग्रान टुरिस्मो ७ या गाड्यांच्या शर्यतींच्या व्हिडिओ गेममधली टोकियो एक्स्प्रेसवेची ६०० पीपीची शर्यत ज्यांनी खेळली आहे, त्यांनी हा पहिला भाग सोडून दिला तरी चालेल. बाकीच्यांना थोडक्यात सांगतो. पीपी म्हणजे गाडीच्या एकूण कामगिरीला गेमने दिलेले गुण. या शर्यतीत ६०० च्या वर गेलेल्या गाडीला प्रवेशच नाही. बारा फेऱ्या, दोन्ही बाजूंना भिंती, मध्येच कधीतरी पाऊस. पहिले आलात तर साडेपाच लाख क्रेडिट्स, म्हणजे गेममधले पैसे. कुणाला न धडकता, भिंतीला न घासता आलात तर वर निम्मा बोनस, म्हणजे एकूण सव्वाआठ लाख.

माझी सगळी तडफड त्या वरच्या पावणेतीन लाखांसाठी होती.

गाडी निवडली निस्सान सिल्व्हिया एस१५. आपल्याकडे ही कधी विकायला आलीच नाही, आमच्या पिढीने ती पाहिली ती स्क्रीनवरच. दोन लिटरचं टर्बो इंजिन, कारखान्यातून निघतानाच अडीचशे हॉर्सपॉवर, ताकद मागच्या चाकांना. शेवटचे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढचा सगळा त्रास तिथूनच आहे.

ट्युनिंग शॉपमधली खरेदी मजेत होते, त्यात सांगण्यासारखं फार नाही. टायर, एक्झॉस्ट, एअर फिल्टर, ब्रेक, पैसे असतील तसं घेत जायचं. फक्त एक गोष्ट: काही कामं कायमची असतात. वजन कमी करणं, पोर्ट पॉलिश (इंजिनमधल्या हवेच्या वाटा घासून गुळगुळीत करणं), स्ट्रोक वाढवणं, हे पार्ट काढून ठेवता येत नाहीत. आमचे काका तरुणपणी आरएक्स हंड्रेडचं पोर्टिंग स्वतः करायचे. मी खेळत असताना मागे उभं राहून म्हणाले, "अरे, घासलेलं पोर्ट परत भरतं का कुठे? आधी सुटणारं सामान लाव, मग घासाघाशी कर." गेमला अगदी हाच सल्ला लागू आहे. पीपीची मर्यादा असलेल्या शर्यतीसाठी कायमच्या कामांना शेवटी हात लावा.

आणि ताकद वाढवण्याआधी तीन महाग गोष्टी घ्या: पूर्ण ॲडजस्ट होणारं सस्पेन्शन, तसाच गिअरबॉक्स आणि तसंच डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा भाग. हे तीन नसतील तर सेटिंगच्या पानावरचे निम्मे रकाने करड्या रंगात बंद दिसतात आणि आपण नुसतं बघत बसतो.

आता मुख्य दुखणं. गाडी वेगवान होती, पहिला नंबरही येत होता. पण एक वळण असं आहे जिथे गाडी दुसऱ्या गिअरपर्यंत उतरवावी लागते. तिथून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर जरा दाबला की सिल्व्हियाचा मागचा भाग बाहेर फेकला जायचा आणि भिंतीला घासायचा. वेळ जेमतेम अर्धा सेकंद जायचा. पण शर्यत संपल्यावर बक्षिसाच्या पानावर बोनसची ओळच नसायची. वीस-बावीस मिनिटं डोळ्यांत तेल घालून चालवायचं आणि अकराव्या फेरीत ती भिंत यायची. रात्री आवाज बंद ठेवून खेळत असल्यामुळे टायर सुटल्याचंही कळायचं नाही. हेडफोन लावा. टायरचा आवाज बदलतो तो गाडी सुटायच्या आधी, आणि तेवढा इशारा पुरतो.

एका व्हिडिओत कुणीतरी याच गाडीचं पूर्ण सेटिंग दिलं होतं. तसंच्या तसं उतरवून घेतलं. गाडी आणखीच बिघडली. त्याने टायर वेगळे घातले होते आणि तो स्टिअरिंग व्हीलवर खेळत होता, हे मी खालच्या कॉमेंट वाचल्यावर कळलं. कंट्रोलरवर ॲक्सिलरेटर म्हणजे बोटभर खेळाचा ट्रिगर, त्यात अर्धवट दाबणं अवघड. त्यामुळे व्हीलवाल्याचं सेटिंग कंट्रोलरवाल्याने घेऊ नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

मग एकेक रकाना बदलत बसलो. अँटी-रोल बार (वळणात गाडी फार कलू न देणारी दांडी) मागे मऊ केला, थोडा फरक. मागचा डाउनफोर्स, म्हणजे गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर, वाढवला, त्या वळणाच्या संथ वेगाला त्याचा काही उपयोग नाही. शिवाय पीपी हलला. या गेममध्ये पीपी नुसत्या हॉर्सपॉवरवर ठरत नाही. गाडीची उंची, गिअरचं प्रमाण, डाउनफोर्स, कशालाही हात लावला की तो पुन्हा मोजला जातो, तोही दोन दशांश स्थळांपर्यंत. डिफरन्शियलकडे वळायच्या आधी माझा आकडा ६००.१४ वर जाऊन बसला होता. शून्य दशांश चौदा! पॉवर रिस्ट्रिक्टर, म्हणजे इंजिनची ताकद आवळणारा पार्ट, एक टक्का कमी केला की गाडी तीन पीपी खाली येणार आणि सरळ रस्त्यावर पुढचे हातातून जाणार. सरकारी कार्यालयात एका झेरॉक्ससाठी फाइल परत करतात, तसं तो लाल आकडा मला दारातून परत पाठवत होता.

यातून सोडवलं ते बॅलास्टने. बॅलास्ट म्हणजे मुद्दाम लादलेलं वजन, किलो-किलोने वाढवता येतं आणि पुढे-मागे सरकवता येतं. वजन कमी करायला पैसे मोजलेल्या गाडीत परत वजन भरायचं हे मनाला पटत नव्हतं. पण थोडे किलो टाकून ते पूर्ण मागे सरकवलं. पीपी ६०० च्या आत आला आणि मागच्या चाकांवर भार आल्यामुळे पकडही जरा सुधारली. बारीक फरकासाठी रिस्ट्रिक्टरच्या आधी बॅलास्ट बघा.

भिंत मात्र डिफरन्शियलने सोडवली. लिमिटेड स्लिप डिफरन्शियलमध्ये तीन आकडे असतात: सुरुवातीचा टॉर्क, ॲक्सिलरेशनचा आणि ब्रेकिंगचा. ॲक्सिलरेशनचा आकडा जास्त ठेवला की जोर देताना मागची दोन्ही चाकं एकमेकांना बांधल्यासारखी फिरतात. सरळ रस्त्यावर उत्तम, पण वळणातून निघताना सुटली तर दोन्ही एकदम सुटतात आणि मागचा भाग गेलाच. फार कमी ठेवला तर आतलं चाक नुसतं जागेवर गरगरतं आणि गाडी पुढेच सरकत नाही. पाच ते साठ अशी मर्यादा असते. माझा आकडा चाळिशीच्या आसपास होता. तो दोन-दोनने खाली आणत अठरावर थांबलो, सुरुवातीचा टॉर्क दहा. सोबत दुसरा गिअर थोडा लांब केला. त्या वळणातून निघताना सिल्व्हिया पहिल्यांदा रुळावर असल्यासारखी निघाली तेव्हा मी खुर्चीतून उठलोच.

गिअरवरून आठवलं: आधी सर्वोच्च वेगाचा रकाना ठरवा, मगच एकेक गिअर हलवा. उलट केलं तर तो रकाना तुमचे सगळे गिअर पुन्हा आपल्या हिशोबाने मांडतो.

ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू लागली की ताकद आपोआप कमी करणारी सोय) लावून हेच झालं नसतं का, असं मावसभावाने विचारलं. झालं असतं. पण मग प्रत्येक वळणातून निघताना गाडी गुदमरते आणि सव्वाआठ लाखांच्या शर्यतीत दुसरा नंबर येतो. तरी पाऊस आला की मी एकवर ठेवतो, त्यात लाज नाही. पावसात इंटरमीडिएट टायरसाठी लगेच पिटमध्ये जावं. इंधनही तिथेच भरून होतं.

सव्वाआठ लाख मिळाले. बोनसची ओळ दिसली तेव्हा घरात सगळे झोपले होते, त्यामुळे ओरडता आलं नाही. काकांना सकाळी सांगितलं. ते म्हणाले, "मग आता तेल बदल."

ते चेष्टेने म्हणाले, पण ही गोष्ट खरी लागू पडते. गेममध्ये इंजिन ऑइल जुनं होतं तशी ताकद हळूहळू उतरते. तेल बदललं की ताकद परत येते आणि तिच्यामागून पीपीही वर सरकतो. जुन्या तेलावर काटेकोर ६०० ला बसवलेली गाडी नव्या तेलावर शर्यतीबाहेर जाते. म्हणून आधी तेल बदला, मग सेटिंग करा. सेटिंगच्या पानाची एक प्रत वेगळी ठेवून मगच खाडाखोड करा. मी आता ५९८ च्या वर जातच नाही.