जी ९८१च का यायला पाहिजे? अकरावीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलचा माझा अनुभव

आमच्या कॉलेजात फिजिक्सच्या जर्नलची एक पद्धत ठरलेली होती. सीनियरचं सर्टिफाइड जर्नल मिळवायचं, रीडिंग थोडी इकडेतिकडे करायची, आणि सिंपल पेंड्युलमला (दोऱ्याला टांगून झुलवायची गोळी, म्हणजे दोलक) ‘जी’, म्हणजे गुरुत्व त्वरण, बरोब्बर ९८१ (सेंटीमीटर प्रति सेकंद वर्ग) आणायचा. कुणाला ९८०.६ आला तर तोपण खोडरबर काढायचा. मला यात चीटिंग वगैरेचा फार राग होता असं नाही, पण एक कळेना की उत्तर आधीच माहितीये तर मग तो दोरा लटकवून आम्ही दोन तास काय करतोय?

पण पेंड्युलमच्या आधी व्हर्नियर, म्हणजे जबड्यांत वस्तू धरून मोजायची सरकती पट्टी. बॅच मोठी आणि चांगले व्हर्नियर मोजकेच, त्यामुळे ज्याच्या हातात पडेल तो रीडिंग घेणार आणि बाकीचे उतरवून घेणार. सूत्र सगळ्यांना पाठ, मेन स्केल अधिक व्हर्नियरची जुळलेली रेघ गुणिले लीस्ट काउंट (यंत्राला मोजता येणारं सगळ्यात लहान माप). दहा व्हर्नियर भाग म्हणजे मेन स्केलचे नऊ, म्हणून लीस्ट काउंट ०.०१ सेंटीमीटर. हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू. अडायचं सगळं झिरो एररपाशी, म्हणजे काहीच न मोजता यंत्र जे चुकीचं माप दाखवतं तिथे. जबडे बंद केल्यावर व्हर्नियरचा शून्य मेन स्केलच्या शून्याच्या उजवीकडे असेल तर एरर पॉझिटिव्ह, वजा करायचा, इथपर्यंत ठीक. पण शून्य डावीकडे गेला आणि सातवी रेघ जुळली की अर्धा वर्ग वजा ०.०७ लिहायचा. ते वजा ०.०३ असतं, कारण दहातून सात वजा करून उरतात तीनच, शून्य तीनच भाग मागे सरकलाय. पाठ करून हे डोक्यात बसत नाही. एकदा जबडे बंद करून हळूहळू सरकवत बघितलं की कोणती रेघ कधी जुळते ते दिसतं, आणि मग परत विसरायला होत नाही.

मला हे दिसलं ते लॅबमध्ये नाही, भोसरीला मामाकडे. मामा वर्कशॉपमध्ये लेथवर आहे, त्याच्याकडे स्वतःचा व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, तेलाचा हात पुसून पुसून फडक्यात गुंडाळून ठेवलेला. त्याने आधी खिशातून दहाचं नाणं काढून दिलं, म्हणाला मोज. दहाचं नाणं २७ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे २.७० सेंटीमीटर यायलाच पाहिजे, हे मला नंतर कळलं. पुढे लॅबमध्ये मी हेच केलं, नाणं घातलं तर रीडिंग २.७३! म्हणजे हा व्हर्नियर ०.०३ जास्त सांगतोय, जबडे बंद करून बघितलं तर खरंच तिसरी रेघ जुळलेली. मैत्रिणींना हा प्रकार जादूचा वाटला.

मायक्रोमीटर, म्हणजे आमचा स्क्रू गेज, त्याच्या बाबतीत मामा जास्तच कडक. मी थिंबल (आकडे असलेली फिरती नळी) धरून करकचून फिरवायला लागले तर ओरडला, “अगं नट आवळतीयेस का? मागचं रॅचेट धर, टिकटिक वाजलं की सोड.” कारण जोर लावला की वायर दबते, फ्रेमपण किंचित वाकते, आणि शंभरावा भाग मिलिमीटर मोजायचा म्हणजे तेवढंसुद्धा खपत नाही. त्याच्या मायक्रोमीटरचा पिच (एका फेऱ्यात स्क्रू जेवढा सरकतो ते अंतर) अर्धा मिलिमीटर आणि वर ५० भाग, आमच्या लॅबमधल्याचा पिच १ मिलिमीटर आणि १०० भाग, लीस्ट काउंट दोन्हीकडे ०.०१ मिलिमीटरच. पण अर्ध्याच्या पिचवाल्यात खालची अर्ध्याची रेघ उघडी पडलीये का बघायचं राहिलं की उत्तर सरळ अर्ध्या मिलिमीटरने चुकतं. मामा म्हणाला, नवीन पोरं हमखास इथेच जॉब वाया घालवतात. झेरॉक्सचा साधा कागद मोजला तर ०.१० च्या आसपास आला, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे यंत्र भारी आहे राव.

बरं, आता पेंड्युलम. खरी मजा इथेच.

साधारण मीटरभर लांबीचा दोलक घेतला तर एक आंदोलन (जाऊन-येऊन एक पूर्ण झोका) दोन सेकंदांच्या जरासं वर जातं, वीस आंदोलनं ४० सेकंदांना थोडी जास्त. एका आंदोलनाचा वेळ म्हणजे काळ, आणि ४π² गुणिले लांबी भागिले काळाचा वर्ग म्हणजे जी. मुलांचे जी कुठले कुठले यायचे, आणि मजा अशी की आकडा बघून काय बिघडलंय ते सांगता येतं. ज्याचा जी १०८० च्या वर गेला त्याने गोळी सोडताना किंवा मधून जाताना ‘शून्य’ म्हणायच्या ऐवजी ‘एक’ म्हटलं, म्हणजे मोजली १९ आणि भागलं २० ने. ज्याचा ९६८ वगैरे आला त्याने दोऱ्याची लांबी घेतली पण गोळीची त्रिज्या मिळवली नाही, मीटरला एक सेंटीमीटर गेला की जी एक टक्क्याने पडतो. हे समजल्यावर मी दुसऱ्यांची जर्नलं तपासायचा धंदाच सुरू केला होता.

तरी ९८१ चा प्रश्न राहिलाच. सगळं नीट केलं तरी माझं उत्तर ९७५, ९७८, ९८२ असं फिरत राहायचं. मग हिशोब केला. हाताने स्टॉपवॉच दाबताना माणसाचा ०.१-०.२ सेकंद सहज इकडेतिकडे होतो. आणि ४० सेकंदांत ०.१ चुकलं तर काळ पाव टक्का चुकतो, जीमध्ये काळाचा वर्ग असतो म्हणून जी अर्धा टक्का, म्हणजे जवळपास ५. मग ९७८ आणि ९८१ यांच्यात वीस आंदोलनांनी फरक कळणारच नाही, दोन्ही उत्तरं एकच! दोन्हीच्या वेळेत ०.०६ सेकंदाचा फरक पडतो, तेवढ्यात अंगठासुद्धा हलत नाही. आणि वर गंमत म्हणजे ९८१ हा आपल्याकडचा आकडाच नाही. जी विषुववृत्तावर ९७८ आणि ध्रुवावर ९८३ असतो, महाराष्ट्रात तो ९७८-९७९ च्या जवळपास. म्हणजे पोरं खरं उत्तर खोडून युरोपातलं उत्तर लिहीत होती.

हे नीट बघावं म्हणून घरी करायचं ठरवलं. गोळी कुठून आणणार, तर शेजारी बांधकाम चालू होतं, तिथल्या गवंडीकाकांकडून ओळंबा मागून आणला. काका म्हणाले, “संध्याकाळी परत दे हां, भिंत वाकडी व्हायची.” दाराच्या चौकटीला खिळा, त्याला दोरा, खाली ओळंबा, आणि लहान भाऊ मोजायला. अडचण अशी की ओळंबा गोल नसतो, खाली निमुळता, त्याचा मध्य नेमका कुठे धरायचा? त्रिज्या मिळवायचा सवालच नाही. मी नुसती कडीपर्यंतची दोरी धरली. ६० सेंटीमीटर दोरीला ५० आंदोलनं ७९.७ सेकंदांत झाली, १२० ला १११.४ सेकंदांत. पहिल्यावरून जी आला ९३२, दुसऱ्यावरून ९५४. एकाच दारात, एकाच ओळंब्याचे दोन जी, भाऊ हसायला लागला.

पण लांबी आणि काळाचा वर्ग यांचा ग्राफ काढला (मधल्या लांबीची रीडिंगपण घेतली होती) तर रेघ सरळच आली, फक्त शून्यातून जात नव्हती. ‘जी’ हा रेघेच्या चढावरून काढायचा असतो, आणि ओळंब्याचा मध्य कुठेही असला तरी तो सगळ्या रीडिंगमध्ये सारखाच मिळवला जातो, त्यामुळे चढाला काही फरक पडत नाही. ६० सेंटीमीटरच्या फरकाला वर्गातला फरक २.४२३, त्यावरून जी ९७८. आणि रेघ शून्यापासून जेवढी चुकली त्यावरून कळलं की मध्य कडीच्या साधारण ३ सेंटीमीटर खाली आहे. वस्तू न कापता तिचा मध्य सापडला! जर्नलमध्ये ग्राफ का काढायला लावतात हे आम्हाला कुणी बोललंच नव्हतं, आम्हाला वाटायचं पान भरायला.

अकरावीची प्रॅक्टिकल परीक्षा कॉलेजातल्याच मॅडमनी घेतली. मला पेंड्युलमच आला, जी ९७६ निघाला आणि तोच लिहिला. मॅडमनी व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) चष्म्यावरून बघत विचारलं, कमी का आला? मी ०.१ सेकंदाचा हिशोब सांगितला आणि म्हटलं ९७६ ला अधिक-उणे ५ आहे मॅडम. त्या दोन सेकंद गप्प, मग पुढचा प्रश्न, किलोग्रॅमची व्याख्या. पॅरिसजवळ ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा सिलिंडर हे लहानपणापासून ऐकलेलं, पण २० मे २०१९ पासून ते बदललंय, आता प्लांकच्या स्थिरांकावरून (निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावरून) ठरवतात, तेवढं सांगितलं. मग त्यांनी गुगली टाकली, गोळी दुप्पट जड घेतली तर काळ किती? काहीच फरक नाही, लांबी तीच ठेवली तर. झालं, सही केली आणि पुढचा रोल नंबर बोलावला.

ज्यांची प्रॅक्टिकल जवळ आलीये त्यांनी एक करा, हातात आल्या आल्या स्टॉपवॉच चालू करून बघा. आमच्या बॅचला काही बंदच निघाली होती, मोबाईल आत न्यायला परवानगी नव्हती, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत आंदोलनं मोजणाऱ्या पोरांचे जी काय काय आले ते सांगायला नको.