नळीला फायबर चढवायचंय? आधी रेझिन काढायला शिका

"रॉकेटच्या पुठ्ठ्याच्या नळीवर फायबरग्लास चढवायचंय, सुरुवात कुठून करू?" छंद म्हणून दोन-चार रॉकेटं उडवून झाली की टेक्सासातल्या आमच्या ओळखीपाळखीतलं कोणी ना कोणी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. फायबरग्लास म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड, रेझिन नावाच्या चिकट द्रवानं बसवून टणक केलेलं.

पहिलं म्हणजे, गरज आहे का ते बघा. लेव्हल वनचं प्रमाणपत्र, म्हणजे मोठ्या मोटरची रॉकेटं उडवायच्या परवानगीची पहिली पायरी, एच किंवा आय वर्गाच्या मोटरवर मिळतं आणि तेवढ्याला चांगला जाड पुठ्ठा पुरतो. फायबर खरं लागतं ते ध्वनीच्या वेगापलीकडे जायचं असेल तेव्हा, किंवा पॅराशूटची दोरी नळीच्या तोंडाला करवतीसारखी चिरत जाते त्यावर थोडा उतारा म्हणून. नुसतं 'मजबूत बरं' म्हणून चढवलंत तर वजन वाढतं. त्यातही पंखांकडच्या भागावर चढवलंत तर गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि रॉकेट डगमगायला लागतं. ओपनरॉकेट हे उड्डाणाचा अंदाज देणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात आधी आकडे घालून बघा.

माझी स्वतःची सुरुवात चुकली ती रत्नागिरीमुळे. लहानपणी बंदराजवळ फायबरच्या होड्या दुरुस्त होताना तासन् तास बघितल्या होत्या. तो नाकात जाणारा वास, चटईसारखी मॅट, त्यावर ब्रशनं थापलेलं रेझिन. मला वाटलं, आपल्याला येतंय हे. पण होडीचं रेझिन पॉलिएस्टर. त्यात हार्डनरचे, म्हणजे रेझिन टणक करणाऱ्या द्रवाचे, थेंब कमी-जास्त करून सुकण्याचा वेग बदलता येतो. नळीसाठी आपण घेतो इपॉक्सी, आणि तिथे ही चलाखी चालत नाही. माझ्याकडचं पाच भाग रेझिनला एक भाग हार्डनर असं आहे, वजनानं नव्हे, मापानं. हार्डनर कमी घातलं तर ते सावकाश सुकत नाही, कायमचं चिकट राहतं. वेळ हवा असेल तर स्लो हार्डनर वेगळं मिळतं, ते घ्या. आणि मॅट नको, काचेचं विणलेलं कापड घ्या, चौरस मीटरला 200 ग्रॅमच्या आसपासचं. कार्बन फायबरचं कापड दिसायला झकास, पण त्यातून आतल्या जीपीएस ट्रॅकरचा सिग्नल बाहेर येत नाही. काचेच्या कापडातून येतो.

आता हिशोब. चार इंची नळीचा घेर साधारण 32 सेंटिमीटर. एक फूट लांबीच्या तुकड्यावर कापडाचे दोन वेढे म्हणजे जेमतेम 40 ग्रॅम कापड. हातानं काम करताना रेझिनही तेवढंच लागावं, वजनाला वजन. माझ्या पहिल्या नळीनं 90 ग्रॅमच्या वर प्यायलं. रेझिन जास्त म्हणजे ताकद जास्त, असं मी धरून चाललो होतो. ताकद कापडात असते. रेझिन फक्त त्याला धरून ठेवतं. पोळीला तूप लावतो तसं लावायचं, पुरणपोळीवर ओततो तसं नव्हे. कापड पांढरं होतं ते पारदर्शक झालं की बास. मग जुन्या एटीएम कार्डानं मधून कडेकडे निपटत न्यायचं. किती निघतं ते बघून पहिल्यांदा जीवच खालीवर होतो.

त्याआधीची तयारी कंटाळवाणी आहे, पण टाळू नका. नळीवरचा गुळगुळीत कागद घासून किंवा सोलून काढा, नाहीतर रेझिन आत मुरणारच नाही. काम करताना नळी आतून धरायला ज्या पाइपावर चढवाल त्याला मेणकागद गुंडाळा, टोकांपर्यंत. मी टोकं सोडली होती. रेझिन आत झिरपलं आणि नळी-पाइप असे एकजीव झाले की शेवटी दोघांनाही कापावं लागलं. कालवलेलं रेझिन उभ्या कपात ठेवू नका, पसरट ताटलीत ओता. कपात ते स्वतःच्याच उष्णतेनं तापतं. एकदा माझ्या कपातून धूर निघाला आणि बायकोनं आमचं गॅरेज तीन आठवडे बंद केलं.

हातमोजे नायट्रिलचे घाला. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सुटत नाही, मग छंदच सोडावा लागतो. घासताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. काचेची धूळ मनगटावर बसली की खाजकुयली परवडली म्हणाल. घासायच्या आधी नळी साध्या पाण्यानं पुसून घ्या. सुकलेल्या इपॉक्सीवर कधीकधी मेणचट थर येतो, तो सँडपेपरला चिकटत बसतो.

आणि पहिला प्रयोग रॉकेटवर नको, फूटभर उरलेल्या तुकड्यावर करा. वेढे देऊन झाले की पहिला तास-दीड तास नळी दर थोड्या वेळानं फिरवत राहा, नाहीतर रेझिन खालच्या बाजूला ओघळून तिथेच थिजतं. टोकाबाहेर आलेलं कापड पूर्ण टणक व्हायच्या आत, चामड्यासारखं असताना, नव्या ब्लेडनं कापायचं. चुरचुर करत सुटतं. तो मुहूर्त हुकला तर सकाळी हॅकसॉ. माझ्या स्लो हार्डनरला तो मुहूर्त नेमका जेवणाच्या वेळी येतो, त्यामुळे हात धुवायच्या आधी एकदा गॅरेजमध्ये डोकावतो.