प्रत्येक हाताला काम

वर्गात मुलांसोबत स्वयंपाक करायचा म्हटलं की सगळे आधी विचारतात, "काय बनवणार?" मी चार-पाच वर्षांच्या मुलांची ताई. मी आधी एवढंच बघते, की प्रत्येक हाताला काम मिळेल का? मुलं गोल करून बसलीत आणि ताई एकटीच ढवळतेय, असा तास मला नको असतो.

म्हणून माझी पहिली पसंती कणीक मळण्याला. प्रत्येकाला छोटं भांडं, वाटीभर गव्हाचं पीठ, पाणी मात्र चमच्याने. वाटी शिगोशीग भरायची की सपाट, यावर मुलांची खरीखुरी चर्चा होते आणि बोटाने पीठ सपाट करताना जीभ बाहेर येते, इतकं लक्ष लागलेलं असतं. सुरुवातीला पीठ बोटांना चिकटतं. एखादं मूल हात लांब धरून रडवेलं होतं. मी "अजून मळ" एवढंच म्हणते. पाणी मिळालं की गव्हातली प्रथिनं एकमेकांत गुंततात, त्यांचं ग्लुटेन, म्हणजे चिवट जाळं होतं आणि गोळा ताणला जाऊ लागतो. हे मी मुलांना सांगत नाही. झाकून ठेवलेल्या गोळ्यात थोड्या वेळाने पुन्हा बोट खुपसायला लावते. "ताई, हा मऊ झाला!" हे त्यांचं त्यांना कळलेलं असतं.

लोणी काढणं तर माझं फार लाडकं काम. घट्ट झाकणाच्या बरणीत अर्ध्यापर्यंत साय भरायची आणि बरणी हातोहात फिरवायची. आधी डुचमळल्याचा आवाज येतो, मग साय फुगते आणि आवाज जवळजवळ बंद होतो. इथे मुलं कंटाळतात, इथेच धीर द्यायचा. हलवून हलवून स्निग्ध कणांवरची आवरणं फुटतात, कण एकत्र येतात आणि एकदम गोळा सुटतो, भोवती पातळ ताक. हा बदल मुलं डोळ्यांआधी कानांनी पकडतात.

उंच पेल्यातलं पाणी पसरट वाडग्यात ओतलं की बहुतेक मुलं म्हणतात, "कमी झालं." बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी हे फार पूर्वी नोंदवलंय. साधारण सात वर्षांपर्यंत असंच वाटतं. मी दुरुस्त करत नाही, परत पेल्यात ओतायला देते.

चव घ्यायची सक्ती नाही. वास घेतला, काकडी चिरली, तेवढंही पुरे. नवा पदार्थ आपलासा व्हायला तो बरेचदा समोर यावा लागतो.

काही बाबतींत मात्र मी अजिबात ऐकत नाही. कुणाला कशाची ॲलर्जी आहे, हे पालकांकडून आधी लिहून घेते. हात साबणाने २० सेकंद धुवायचे. कच्चं पीठ चाखायचं नाही, कारण त्यात रोगजंतू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे किंवा अख्खी द्राक्षं नाहीत. शेगडीजवळ फक्त मी.

रोममध्ये शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा सुरू केली. तिथे मुलं खरी भांडी हाताळत, जेवण वाढत. खेळण्यातली भांडी मीही वापरत नाही. हातात मावणारी, पण खरी भांडी द्या. आणि वेळ आखताना आवराआवरीसाठी भरपूर वेळ राखून ठेवा. सांडलेलं पीठ झाडणं, भांडी विसळणं, फडकं पिळणं ही मुलांचीच कामं आहेत. मावशींना तेवढा वेळ वर्गाबाहेरच थांबायला सांगा.