अण्णा ‘दिवा’ म्हणत होते

त्या घरी मी चौथ्यांदा निघालो होतो. एकाच तक्रारीसाठी चौथ्यांदा जावं लागणं ही आमच्या धंद्यात नाचक्कीच. आणि तक्रार तरी कसली, तर रिमोट चालत नाही.

2017 चा डिसेंबर. मिरजेत किल्ला भागात माझं टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. आयटीआयला रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड केला तेव्हा पिक्चर ट्यूबचे टीव्ही होते. त्यांचा एलओटी, म्हणजे ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, बदलताना हाताला बसलेला झटका अजून आठवतो. आता तसं काही राहिलं नाही. निम्मे फोन तर टीव्ही बिघडलेलाच नसताना येतात. ‘नो सिग्नल’ दिसतंय म्हणून बोलावतात, जाऊन बघावं तर नातवानं सोर्सचं बटन दाबून एचडीएमआयवरून एव्हीवर नेलेलं असतं. किंवा टीव्ही चालू आणि सेटटॉप बंद. आवाज येतो पण चित्र नाही, असं कुणी सांगितलं तर मी फोनवरच सांगतो, खोलीत अंधार करा आणि पडद्यावर तिरकी बॅटरी मारून बघा. आत पुसट चित्र हलताना दिसलं तर बॅकलाइट गेलाय, घेऊन या. पावसाळ्यात जोराची सर आली की डिशचं चित्र फुटतं, त्याला मीच काय, कुणीच काही करू शकत नाही. सर ओसरेपर्यंत चहा प्यायचा. सर ओसरल्यावरही चित्र येत नसेल तर मग छतावर जाऊन केबलच्या टोकाच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय का बघायचं. बहुतेक वेळा शिरलेलं असतं.

तर हे घर. वहिनी हायस्कुलात शिक्षिका, त्यांचे मिस्टर पुण्याला नोकरीला, आणि घरात सासरे, अण्णा. वीज मंडळात वायरमन होते. आयुष्य खांबावर गेलेलं. दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. अगदीच गेली असं नाही. चार-पाच शब्द उरले होते. ‘नको’, ‘चहा’, ‘दिवा’ आणि ‘च्यायला’. शेवटचा सगळ्यात स्पष्ट. दिवसभर कॉटवर, समोर टीव्ही, डाव्या हातात रिमोट. त्या माणसाला रिमोट म्हणजे काय होतं हे मला पहिल्या खेपेला कळलं नव्हतं.

पहिल्यांदा गेलो ते सकाळी अकराला. वहिनी शाळेत, दार शेजारच्या मावशींनी उघडलं. मी मोबाईलचा कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी धरला आणि बटन दाबलं. डोळ्याला न दिसणारा प्रकाश पडद्यावर जांभळट पांढरा लुकलुकला, म्हणजे रिमोट जिवंत. (काही मोबाईलच्या मागच्या कॅमेऱ्याला हा प्रकाश दिसत नाही, तिथे सेल्फीचा कॅमेरा लावायचा.) सेटटॉपचा रिमोटही तसाच तपासला. दोन्हीचे सेल बदलले, स्प्रिंगवरचा हिरवा गंज खरवडला, कॉटवर बसून पाच-सहा चॅनेल फिरवून दाखवले. अण्णांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाले, “दिवा.”

मी म्हटलं, “हो अण्णा, पेटतोय की दिवा.” सेटटॉपच्या समोरचा हिरवा दिवा म्हणत असतील, असं मला वाटलं.

“च्यायला,” अण्णा म्हणाले.

तीन दिवसांनी वहिनींचा फोन. रोज संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला रिमोट लागत नाही, अण्णा चिडतात, एकदा रिमोट फेकलासुद्धा. “पण दादा, मी टीव्हीजवळ जाऊन दाबलं की चालतो हो. मला वाटतं अण्णा बटनं चुकीची दाबतात. दोन रिमोट आहेत ना, गोंधळ होतो.”

मलाही ते पटलं. आजारी माणूस, डावा हात, दोन रिमोट. म्हटलं, दोन्हीचा मिळून एक युनिव्हर्सल रिमोट करून देतो. हे काम मला मनापासून आवडतं, म्हणून दुसरी खेप जरा सविस्तर सांगतो.

युनिव्हर्सल रिमोटबरोबर एक घडीचा कागद येतो, त्यावर मुंगीच्या अक्षरात कंपन्यांची नावं आणि पुढे तीन-तीन आकडी कोड. सेटचं बटन दाबून धरायचं, रिमोटचा लाल दिवा स्थिर झाला की कोड मारायचा. लोक इथेच फसतात. पहिल्या कोडला टीव्ही बंद झाला की त्यांना वाटतं जमलं. अण्णांच्या टीव्हीला पहिल्या कोडनं पॉवर चालली, पण आवाज वाढवायला गेलो की मेनू उघडायचा. एकाच कंपनीनं वेगवेगळ्या सालात वेगवेगळ्या कोडचे टीव्ही काढलेले असतात, त्यामुळे पॉवर, आवाज, म्यूट आणि सोर्स ही चारही बटनं बरोबर चालेपर्यंत यादीतला पुढचा कोड घालत राहायचं. आम्हाला पाचवा लागला. यादीत कंपनीच नसेल तर ऑटो सर्च करायचा. रिमोट टीव्हीकडे धरून बसायचं, तो एकेक कोड सोडत जातो आणि टीव्ही बंद झाला त्या क्षणी बटन दाबून त्याला थांबवायचं. जांभई दिलीत तर पुन्हा पहिल्यापासून.

सेटटॉपचा कोड यादीत नव्हता. तिथे शिकवणी. दोन्ही रिमोट टेबलावर तोंडाला तोंड लावून ठेवायचे, मध्ये दोन बोटांचं अंतर. नव्याला लर्निंगमध्ये टाकायचं, त्याचं जे बटन शिकवायचं ते दाबायचं, मग जुन्याचं तेच बटन दाबायचं. लाल दिवा दोनदा लुकलुकला की धडा पाठ. असं एकेक बटन. काही स्वस्तातले रिमोट सेल काढले की सगळं शिकलेलं विसरतात, म्हणून विकत घेताना दुकानातच एक बटन शिकवून, सेल काढून, पुन्हा घालून बघावं.

एवढं झाल्यावर मी रिमोट उघडला आणि आतल्या रबराच्या पट्टीवरची नको ती बटनं ब्लेडनं सपाट कापून टाकली. वर उरली सात. पॉवर, आवाज दोन, चॅनेल दोन, म्यूट आणि बातम्यांचा चॅनेल. भोकांवर आतून चिकटपट्टी. अण्णांनी अंगठा फिरवून सातही बटनं चाचपली. खूश दिसले. मग पुन्हा, “दिवा.”

आता मला वाटलं नव्या रिमोटचा लाल दिवा म्हणतायत. बटन दाबून तो दाखवला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

तिसरी खेप सांगायला लाज वाटते. तक्रार कायम, म्हणून मी टीव्ही उचलून दुकानात नेला आणि समोरचा सेन्सर बदलला. तीन पायांचा काळा मणी असतो, टीएसओपी म्हणतात. जुना काढून टेस्टरवर लावला तर तोही ठणठणीत. तरी नवा बसवला आणि साडेतीनशे रुपये घेतले. तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. टीव्हीचा सेन्सर वेगळा, सेटटॉपचा वेगळा. रिमोट आधी दोन होते, मग तिसरा आला. सगळे एकाच वेळेला कसे रुसतील? शिकाऊ पोरानं असं केलं असतं तर मी त्याला फैलावर घेतलं असतं.

तक्रार तरीही कायम. चौथ्या खेपेच्या त्या संध्याकाळी फोनवर वहिनींचा आवाज थकलेला होता. “दादा, आत्ता येऊन बघा. सकाळी नको.”

तीन खेपा मी सकाळीच गेलो होतो. घर दहा मिनिटांवर. सव्वासहाला पोचलो तेव्हा वहिनी यायच्याच होत्या, मावशी दाराशी. मी कॉटवर अण्णांशेजारी बसून रिमोट चालवला. सगळं सुरळीत. थंडी कडाक्याची होती, खोलीत संधिप्रकाश. तेवढ्यात वहिनी आल्या, पर्स ठेवली, भिंतीवरचं बटन दाबलं, “दिवेलागण झाली, अंधारात काय बसलाय,” म्हणत आत देवघराकडे गेल्या. कॉटच्या वर, टीव्हीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर, एक जुना सीएफएल, म्हणजे वळवलेल्या नळीचा दिवा, होता. पांढरा प्लॅस्टिकचा बूड पिवळा पडलेला. आधी गुलाबीसर मिणमिणला, मग हळूहळू उजळायला लागला.

अण्णांनी चॅनेलचं बटन दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. मी हातातून घेऊन दाबलं, माझ्यानंही नाही. उठून टीव्हीपाशी गेलो, वीतभरावरून दाबलं, चॅनेल बदलला. पुन्हा कॉटवर आलो, पुन्हा बंद. शिकवलेलं पुसलं गेलं असेल म्हणून जुना रिमोट मागवून तिथेच टेबलावर धडा द्यायला बसलो, तर नवा रिमोट धडाच घेईना. लाल दिवा लुकलुकण्याऐवजी नुसता जळत राहिला.

“दिवा,” अण्णा म्हणाले.

आतून वहिनी म्हणाल्या, “हो अण्णा, लावतेच आहे.” मग मला म्हणाल्या, “रोज या वेळेला त्यांचं हे सुरू होतं. देवापाशी दिवा लावेपर्यंत थांबत नाहीत.”

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा देवघराकडे बघत नव्हते. त्यांचा डावा हात डोक्याच्या मागे वळला होता आणि बोट वर होतं. भिंतीवरच्या सीएफएलकडे.

मी उठून बटन बंद केलं. खोलीत अंधार. अण्णांनी रिमोट दाबला, चॅनेल बदलला. बटन चालू केलं, बंद पडला. बंद केलं, चालला. असं आम्ही दोघांनी सहा-सात वेळा केलं. अण्णा हसत होते, अर्ध्याच तोंडानं, पण पोटापासून.

वहिनी निरांजन हातात घेऊनच बाहेर आल्या. त्यांना मी जे सांगितलं ते असं. रिमोटचा प्रकाश नुसता लागत नाही, त्याची सेकंदाला साधारण अडतीस हजार वेळा उघडझाप होते. सेन्सर तेवढ्याच उघडझापेला ओळख देतो, म्हणून दिवसाचं ऊन किंवा साधा बल्ब त्याला चळवत नाही. पण सीएफएलच्या बुडात इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं आणि तेही नळीला सेकंदाला हजारो वेळा, जवळजवळ त्याच पट्ट्यात चालू-बंद करतं. त्यात नळी थंड असताना पाऱ्याची वाफ पुरेशी झालेली नसते, तोवर आतला आर्गॉन वायू उजळतो, आणि त्याच्या प्रकाशात रिमोटच्या जातीचा, डोळ्याला न दिसणारा भाग जास्त असतो. समोरून असा सतत गोंगाट आला की सेन्सर आपला कान बारीक करतो. मग वीतभरावरून मारलेली हाक ऐकू येते, कॉटवरून मारलेली येत नाही. नळी तापली की दहा-बारा मिनिटांनी गोंगाट कमी होतो आणि रिमोट आपोआप बरा होतो. तोवर बातम्यांतलं मुख्य संपलेलं.

“म्हणून उन्हाळ्यात त्रास नव्हता,” वहिनी म्हणाल्या. ते मला सुचलं नव्हतं. खरंच, उन्हाळ्यात त्या वेळेला दिवा लावायचीच गरज नसते, आणि नळीही लवकर तापते.

मग त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. निरांजन तसंच हातात. “मी त्यांना रोज म्हणायचे, तुम्ही चुकीचं दाबता.”

मी तरी वेगळं काय केलं होतं? उलट मी तर त्याचे पैसे घेतले होते. सेन्सरचे साडेतीनशे टेबलावर ठेवले. त्या नको म्हणाल्या, अण्णाही नको म्हणाले, पण ठेवले.

आता हे ओळखायला मला चार खेपा लागल्या आणि कॉटवरून न हलणाऱ्या माणसाला बहुधा पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. वायरमनच तो. रात्री-अपरात्री कुणाच्या घरातला लाइट का गेला हे नुसतं मीटरकडे बघून सांगणारा. खोलीत बटन दाबल्यावर काय सुरू होतं आणि काय बंद पडतं, एवढंच तर बघत बसला होता. सांगायला एकच शब्द उरलेला, आणि त्या शब्दाला आमच्याकडे आधीच तीन अर्थ तयार.

आता कुणी रिमोटची तक्रार घेऊन आलं की मी आधी विचारतो, किती वाजता बिघडतो. लोक हसतात. एका लॉजवाल्याच्या दोन खोल्यांत नेमका असाच सीएफएल निघाला, तिथे दिवा फक्त बाजूच्या भिंतीवर सरकवला आणि काम झालं. एलईडी बल्ब लावला की सगळं मिटतं असंही नाही. अगदी हलक्या प्रतीच्या बल्बमधलं सर्किटही कधी कधी असाच उपद्व्याप करतं. त्यामुळे लावून, त्याच जागेवरून रिमोट दाबून बघायचं, मगच निघायचं.

त्या संध्याकाळी मावशींच्या मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळून नऊ वॅटचा एलईडी बल्ब मागवला. तो येईपर्यंत बातम्या सुरू झाल्या होत्या. वहिनींनी चहा ठेवला. सगळं समजल्याच्या आनंदात मी स्टूल ओढलं, वर चढलो आणि सीएफएलला हात घातला.

“बटन!”

मी दचकून खाली बघितलं. अण्णांचं बोट भिंतीकडे होतं. स्वयंपाकघरातून वहिनी पळत आल्या, त्यांच्या हातात गाळणं तसंच. “काय म्हणाले? आत्ता काय म्हणाले?”

दीड वर्षात हा शब्द त्या घरात कुणी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

“बटन,” अण्णा पुन्हा म्हणाले, आणि माझ्याकडे बघून, “च्यायला.”

मी स्टुलावरून उतरलो, बटन बंद केलं आणि पुन्हा चढलो.