नंबर जुळले तरी ट्रान्समध्ये सूर का घासतात

डीजेंमध्ये हार्मोनिक मिक्सिंगचा, म्हणजे वाजत्या ट्रॅकवर सुराला जुळणारा दुसरा ट्रॅक चढवण्याचा विषय निघाला की जो तो कॅमेलॉट व्हील पुढे करतो, म्हणजे प्रत्येक कीला (ट्रॅकचा सा आणि त्याचं स्केल) घड्याळासारखा नंबर देणारं चक्र; ए म्हणजे मायनर, बी म्हणजे मेजर. ८ए वाजतोय ना, मग ८ए, ७ए, ९ए नाहीतर ८बी लाव, झालं. चुकीचं काहीच नाही त्यात, पण ट्रान्समध्ये, म्हणजे सुरावटींवर चालणाऱ्या या डान्स संगीतात तेवढ्यावर भागत नाही, कारण इथे दोन ट्रॅक एकमेकांवर बराच वेळ राहतात. १३८ बीपीएमला (मिनिटाला १३८ ठोके) ३२ बार (चार-चार ठोक्यांचे) म्हणजे जवळजवळ ५६ सेकंद, आणि एवढा वेळ दोन पॅड (लांब धरलेले सूर), दोन आर्प (कॉर्डचे एकेक करून वाजणारे स्वर), कधी दोन मेलडी एकत्र वाजल्या तर थोडासा बेसूरपणासुद्धा लपत नाही. टेक्नोत बऱ्याचदा मेलडीच नसते म्हणून तिथे खपून जातं.

आता ८ए आणि ९एच बघा. ए मायनर आणि ई मायनर, व्हीलवर अगदी शेजारी. सातपैकी सहा स्वर तेच, फरक एकाचाच, पहिल्यात एफ आणि दुसऱ्यात एफ शार्प. गाणं शिकलेल्यांसाठी सांगायचं तर ए ला सा धरा, मग एकीकडे कोमल ध आहे आणि दुसरीकडे शुद्ध ध. आणि ट्रान्समध्ये ए मायनर, एफ, सी, जी ही कॉर्डची चाल तर पावलोपावली सापडते, म्हणजे जाणारा ट्रॅक दर फेरीत एकदा बेससकट एफवर येऊन बसणार, आणि नेमका तेव्हाच येणाऱ्या ट्रॅकच्या आर्पमध्ये एफ शार्प वाजला की संपलं. अर्ध्या स्वराचं अंतर, दोन्ही सूर एकमेकांना घासतात, आणि नाचणाऱ्याला कारण कळलं नाही तरी काहीतरी खटकतं हे नक्की.

म्हणून मी व्हीलचा नंबर फक्त चाळणी म्हणून वापरतो, निवड करताना बघतो की त्या एका मिनिटात दोन्हीकडे नक्की काय वाजतंय. जाणाऱ्या ट्रॅकचे कॉर्ड संपून आउट्रोत, म्हणजे शेवटच्या भागात नुसता किक (ड्रमचा ठोका) आणि ए वरचा बेस उरला असेल तर ई मायनरचं पॅड त्यावर काय सुंदर बसतं, कारण ए त्याच्याही स्केलमध्ये आहेच. मग नवीन फ्रेज सुरू होताना जुन्याचा लो (मिक्सरवरचं खालच्या सुरांचं बटण) खाली, नव्याचा लो वर, एका झटक्यात. दोन बेस एकत्र ठेवायचेच नाहीत, की जुळत असली तरी नाही.

सॉफ्टवेअर अख्ख्या ट्रॅकला मिळून एकच की दाखवतं, पण काही ट्रॅक ब्रेकडाउनमध्ये (ठोका थांबून सुरावट उरते तो भाग) वेगळ्याच कीमध्ये जातात, आणि मिक्स नेमका तिथेच करायचा असला तर ती की काय कामाची? कीबोर्ड उघडा, ड्रॉपचा (ठोका जोरात परत येतो तो भाग) बेस ऐकत एकेक स्वर दाबून बघा, मग ब्रेकडाउनचं तेच करा. ही मेहनत सेटच्या आधी करायची.

पिचचंही तेच. की लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) बंद असेल तर साधारण ६ टक्के वेग वाढला की ट्रॅक अख्खा अर्धा स्वर चढतो, म्हणजे १३२ चा ट्रॅक १४० ला नेला की ८ए चा थेट ३ए होतो. १३८ वरून १४० ला सूर अर्ध्या स्वराचा पाव भागच सरकतो, पण लांब पॅडवर तोही ऐकू येतो. त्यामुळे की लॉक चालूच ठेवा, पण वेग फार ताणू नका, नाहीतर पॅड आणि गाणाऱ्याचा आवाज पाण्यातून आल्यासारखे होतात.

एनर्जी वाढवायला लोक सात घरं पुढे उडी मारतात, ८ए वरून ३ए. अर्धा स्वर वर, ऐकायला जबरदस्त, पण ए मायनर आणि बी फ्लॅट मायनरमध्ये समान स्वर दोनच, सी आणि एफ. त्यामुळे ओव्हरलॅप अजिबात नको, जुन्याचा रिव्हर्ब (मागे रेंगाळणारी घुमी) विरू द्या आणि नव्याच्या ब्रेकडाउनमध्ये सरळ शिरा. दोन घरांची उडी त्यापेक्षा सोपी, ८ए आणि १०ए मध्ये पाच स्वर सारखे असतात, तिथे किकवर किक ठेवून थोडा वेळ काढता येतो.

माझी सगळ्यात आवडती चाल मात्र ८ए वरून ८बी. सातही स्वर तेच असल्यामुळे अख्खं ब्रेकडाउन दुसऱ्या ट्रॅकवर टाकता येतं, फक्त सा ए वरून सी वर जातो आणि इतका वेळ उदास वाजणारे तेच स्वर एकदम उजळतात. लांब मायनर पट्टा झाल्यावर, गाणं असलेल्या ट्रॅकच्या बरोबर आधी, हे करून बघाच.