गेजमधलं तेल

सुपरकंडक्टरची वडी दिसायला काळ्या कडाप्प्याच्या तुकड्यासारखी. यिट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन. साधारण १००० अंशांवर ती घडते तेव्हा बराचसा ऑक्सिजन गमावून बसते. सूत्रातला ऑक्सिजनचा आकडा ६ च्या आसपास राहिला तर ती वीज वाहून नेतच नाही. ७ च्या जवळ नेला तर ९२ केल्विनखाली, म्हणजे उणे १८१ अंशांखाली, विजेला रोध शून्य. हेच सुपरकंडक्टर असणं.

म्हणून तिला पुन्हा ऑक्सिजन पाजायचा. साध्या दाबाला ४५० अंशांच्या आसपास हे काम आठवडाभर रेंगाळतं, आणि भट्टी जास्त तापवली की ऑक्सिजन बाहेर पडतो. दाब १०० बारच्या वर नेला तर ७००-८०० अंशांवरही तो आत टिकतो, शिवाय गाभ्यापर्यंत लवकर पोचतो. वड्या तडकतातही कमी. ऑक्सिजन घेताना मटेरियल आक्रसतं ना. साल आधी आक्रसली आणि गाभा मागे राहिला की भेग ठरलेलीच.

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये अशी भट्टी बांधली होती. ट्रायलच्या दिवशी संशोधक सर सकाळीच वड्या घेऊन हजर. दाबाचं गेज तेवढं यायचं होतं, तेही आलं. तबकडीवर छापलेलं, ‘यूज नो ऑइल’. फिटर मामांनी ते बसवायला घेतलं आणि मी सोबतचं सर्टिफिकेट वाचलं: कॅलिब्रेशन डेडवेट टेस्टरवर, माध्यम तेल. म्हणजे वजनं ठेवून गेज तपासताना त्यात तेलानं दाब दिला होता.

मामांनी पाना खाली ठेवला. नोटा तपासायचा निळा दिवा त्यांच्या पेटीत असतोच. बरीचशी तेलं त्याखाली चमकतात. आट्यांवर काही चमकलं नाही.

“स्वच्छ आहे की,” सर म्हणाले.

“साहेब, आतली नळी वाकडी असते. तिथं दिवा पोचत नाही.”

नळीचं टोक बंद असतं. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला तर त्या टोकाशी वायू दाबला जाऊन तापतो. तिथं तेलाचा थेंब असला तर तो पेटतो, आणि इतक्या दाबाच्या ऑक्सिजनमध्ये मग स्टीलसुद्धा जळतं. सर चिडले, सिलिंडरचं भाडं चालू आहे म्हणाले. चालू होतंच. सप्लायर फोनवर म्हणाला, “मॅडम, सगळ्यांना असंच देतो.” ते ऐकून मला जास्त धास्ती वाटली.

नायट्रोजनवर तपासलेलं दुसरं गेज आल्यावरच ट्रायल झाली. व्हॉल्व्ह मामांनीच उघडला, इतका सावकाश की सर घड्याळ बघत होते. वड्या न तडकता निघाल्या आणि द्रव नायट्रोजनमध्ये गार केल्यावर त्यांनी चुंबक अधांतरी धरला.

पहिलं गेज सप्लायरनं परत घेतलं नाही. मामांनी ते हायड्रॉलिक प्रेसला लावलंय.