ती साखरच असते ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पेट स्कॅनसाठी, म्हणजे शरीरात ग्लुकोज कुठे जास्त ओढलं जातं ते दाखवणाऱ्या तपासणीसाठी, लागणारं एफडीजी हे किरणोत्सर्गी द्रव्य बनवण्याचं काम मी करते, हे कळलं की लोक दोनपैकी एक प्रश्न विचारतातच. कॅन्सर साखरेवर पोसतो म्हणता, मग त्याच पेशंटला साखर का टोचता? किंवा, फ्लोरिन घातलेली ही बनावट साखर रक्तात सोडता, ती पुढे जाते कुठे? पूर्वी मी दोन्हींना एकच उत्तर द्यायचे : "काळजी करू नका, साखरच असते ती." आता देत नाही.

पहिल्या प्रश्नाचा मला खरंच राग येतो. रक्तात एरवीच चार-पाच ग्रॅम ग्लुकोज फिरत असतं. स्कॅनसाठी साधारण ३७० मेगाबेक्वेरल (हे किरणोत्सर्गाचं माप) मात्रा दिली, तर त्यातले किरणोत्सर्गी रेणू वजनाला जेमतेम एक नॅनोग्रॅम भरतात, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढ्यावर कुठली गाठ पोसणार? पण घाबरलेल्या माणसासमोर आकडे मांडून उपयोग होत नाही, हेही मला माहीत आहे.

दुसरा प्रश्न योग्य आहे. ग्लुकोजच्या दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, काढून तिथे फ्लोरिन-१८ हा किरणोत्सर्गी फ्लोरिन बसवला की एफडीजी होतं. हे करायला आम्ही ग्लुकोज घेतच नाही, मॅनोज या दुसऱ्या साखरेपासून निघतो. फ्लोरिन मागून शिरतो, तिथला आधीचा गट पुढून सुटतो आणि वाऱ्याने छत्री उलटावी तशी त्या कार्बनची मांडणी उलटते; मॅनोजचा साचा ग्लुकोजचा होतो. जर्मनीत युलिखला १९८६ मध्ये ही पद्धत बसवली गेली. त्याआधी, ऑगस्ट १९७६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात माणसाला पहिल्यांदा एफडीजी टोचलं, तेव्हा ते अमेरिकेतल्याच ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेतून विमानाने आणलं होतं. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, त्यामुळे आमचं काम आजही घड्याळाशी बांधलेलं आहे.

पेशीला हा फरक लगेच कळत नाही. ती रेणू आत घेते, हेक्झोकायनेज हे विकर (एन्झाइम) त्याच्या सहाव्या कार्बनला फॉस्फेट लावतं आणि आता त्याला बाहेर पडणं अवघड होतं. पुढच्या विकराला मात्र दुसऱ्या कार्बनवरचा तो ऑक्सिजनच हवा असतो, कारण ग्लुकोजच्या साच्यातून फ्रुक्टोजच्या साच्यात जाताना फेरफार तिथे होतो. तो नसल्याने रेणू अडकून पडतो. अडकतो म्हणूनच त्याच्या किरणोत्सर्गामुळे स्कॅनवर दिसतो. खरी साखर असती तर पेशीने ती वापरून टाकली असती आणि आमच्या हाती काही लागलं नसतं.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही मावशीने स्कॅनच्या आदल्या रात्री फोन केला, तेव्हा मी म्हणाले, "अगं, साखरच असते ती. झोप शांत."

मावशीला वीस वर्षांचा मधुमेह. साखर टोचणार म्हटल्यावर तिने तिच्या परीने शहाणपणाच केला. सकाळी निघण्याआधी चार युनिट इन्सुलिन जादा घेतलं, साखर चढू नये म्हणून. तिथे विचारलं तेव्हा "नेहमीचंच, रात्री घेतलं" असं सांगितलं. उपाशीपोटी रक्तातली साखर ठीक आली, म्हणून इंजेक्शन दिलं.

इन्सुलिन स्नायूंची दारं उघडतं, मग ग्लुकोज असो की एफडीजी. स्कॅन मी नंतर पाहिला. मांड्या, खांदे, पाठ, सगळे स्नायू काळेभोर, म्हणजे एफडीजी तिथेच गेलेलं, यकृत फिकं, आणि जिच्यासाठी हे चाललं होतं ती फुप्फुसातली गाठ नीट वाचता येण्यासारखी नव्हती. पाच दिवसांनी पुन्हा उपास, पुन्हा सुई. त्या पाच रात्री ती झोपली नाही. उपचार त्यामुळे लांबले नाहीत, असं मी स्वतःला बरेचदा सांगितलं आहे. त्याने त्या पाच रात्री परत येत नाहीत.

मी तिला विचारलं, का घेतलंस? ती म्हणाली, "तूच म्हणालीस ना साखर आहे म्हणून."

चूक तिने लपवण्यात होती, असं मी काही दिवस मानत होते. आजही थोडं मानते. पण रात्री दहा वाजता घाबरलेल्या बाईला हेक्झोकायनेज सांगायचं होतं का? मी नवी होते तेव्हा सगळ्यांना सांगायचे. लोक मान डोलवायचे आणि जाताना विचारायचे, "म्हणजे विषारी नाही ना?" त्यालाच कंटाळून मी "साखर" म्हणायला लागले होते.

पुढे बरी असताना एकदा तिनेच विषय काढला. "मग ती होती काय? साखर की नाही?"

मी सांगितलं, टोचली तेव्हा नव्हती. पण फ्लोरिन-१८ विझतो तेव्हा त्याचा ऑक्सिजन-१८ होतो, तो एक हायड्रोजन धरतो आणि गेलेला हायड्रॉक्सिल त्याच जागी परत येतो. मग अडकलेला रेणू खऱ्या साखरेच्या वाटेने पुढे जातो. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यातल्या जवळजवळ सगळ्यांचं असं होतं. बाकीचं बरंचसं लघवीवाटे आधीच गेलेलं असतं. कुपीत साध्या, किरणोत्सर्गी नसलेल्या फ्लोरिनचेही रेणू असतात, त्यांचा मात्र ऑक्सिजन होत नाही. हेही सांगितलं, या वेळी काही गाळलं नाही.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे मला त्या रात्री कळलं असतं की."